शनिवारचं भांडण

बर्फात घालायचे बूट काढता काढताच गास्तों दारातून ओरडला, "लावलीस का रे मॅच, रेइनो? की हरायच्या भीतीनं टीव्हीच विकलास?"

रेइनोची बायको हेल्मी पुढं आली. त्याचा कोट खुंटीला अडकवत हळूच म्हणाली, "एकच शब्द राहिलाय त्याच्याकडे. कशालाही तोच म्हणतो. हसू नकोस हं. आणि रडूही नकोस."

"मी कशाला रडू? टोरांटोवाला तो आहे. रडायची सवय त्याला."

हेल्मीला हसू आलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली.

रेइनो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर हॉस्पिटलातून घरी येऊन त्याला थोडेच दिवस झाले होते. हेल्मीनं त्याला टोरांटोचा निळा स्वेटर चढवला होता. उजवा हात मांडीवर होता, म्हणजे कुणीतरी तो तिथं ठेवला होता. गास्तोंला बघून त्याचे डोळे मात्र पहिल्यासारखेच बारीक झाले.

दोघं निकेलच्या खाणीत एकाच पाळीला असायचे. खाण सुटली, पण शनिवारची संध्याकाळ सुटली नाही. बर्फावरच्या हॉकीत गास्तों मॉन्ट्रियलच्या टीमचा, रेइनो टोरांटोच्या. गास्तोंनं 'आज थंडी आहे' म्हटलं, तरी रेइनो कोट काढून बसायचा.

मॅच रंगात आली होती. टोरांटोनं पहिला गोल मारला, तसा गास्तों म्हणाला, "नशीब! चकती आमच्याच माणसाच्या पायाला लागून आत गेली. खेळता कुठं येतंय तुमच्या पोरांना?"

"बरोबर," रेइनो म्हणाला.

आवाज त्याचाच होता. घोगरा, खाणीतल्या धुळीनं खरवडलेला. गास्तोंनं मान वळवली.

"काय म्हणालास?"

"बरोबर."

गास्तोंनं मांडीवर थाप मारली. "हेल्मी, ऐकलंस का? आख्खं आयुष्य वाट बघितली मी ह्याची!" तो मोठ्यानं हसला. हसणारा तो एकटाच होता. मग तोही थांबला.

गास्तोंच्यानं ते सोसेना. त्यानं दुसरीकडून उकरून काढलं. टीव्हीवरच्या केक करायच्या स्पर्धेतल्या मिशीवाल्या परीक्षकावर रेइनोचा भारी राग. त्याला मीठ आणि साखर वेगळी ओळखता येत नाही, असं तो सगळ्या गावाला सांगायचा.

"तो मिशीवाला मला आवडायला लागलाय बघ," गास्तों म्हणाला. "जाणकार माणूस."

"बरोबर."

"आणि तुझ्या नातवाच्या त्या व्हिडिओ गेमवर मी तुला हरवायचो ना, ते माझ्या अकलेनं. तुझी बटणं अडकतात म्हणून नाही."

"बरोबर."

गास्तों सोफ्यावरून उठला आणि स्टूल ओढून त्याच्या अगदी समोर बसला. "इकडं बघ. मॉन्ट्रियलसारखी टीम झाली नाही आणि होणार नाही. तुमची पोरं बर्फावर नाही, सतरंजीवर खेळायच्या लायकीची आहेत. ऐकून घेतोस? चिड ना, मेल्या!"

रेइनोचे ओठ हलले. मानेची शीर ताठली. डाव्या हाताची मूठ वळून खुर्चीवर आपटली. एकदा, पुन्हा एकदा. तोंड उघडलं, आत काहीतरी अडल्यासारखा घसा वरखाली झाला.

"बरोबर," तो म्हणाला. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा गास्तोंच्या लक्षात आलं. तो कबूल करत नव्हता. एकदाही केलं नव्हतं. बिचारा इतका वेळ आत भांडत बसला होता, आणि दाराबाहेर येत होता तो भलताच शब्द.

त्याला काय म्हणायचंय ते गास्तोंला पाठ होतं. त्यानं खाकरून घसा घोगरा केला, हनुवटी छातीत घातली आणि रेइनोच्या आवाजात म्हणाला, "गप बस! तुम्हा फ्रेंच लोकांचं ते वाटाण्याचं सूप पिऊन पिऊन डोक्यातही तेच भरलंय तुझ्या. मॉन्ट्रियलनं जिंकलेले कप म्हणे! त्यांच्यावरची धूळ झटकायला आता माणसं मिळत नाहीत."

रेइनोची मूठ थांबली.

"आणि तुमचा शेवटचा कप?" गास्तों स्वतःच्या आवाजात म्हणाला. "तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते!"

पुन्हा घोगरा आवाज. "केस होते, पण अक्कल तेव्हाही नव्हती!"

रेइनो खुर्चीत मागं टेकला. त्याचं अर्धं तोंड हसलं. "बरोबर," तो म्हणाला, आणि या वेळी ते बरोबर होतं.

स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. हेल्मी धावत दारात आली. कोपरापर्यंत साबणाचा फेस, हातांतून पाणी ठिबकतंय. ती रेइनोकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते गास्तोंला बघवेना.

"तो नव्हता गं," तो कसाबसा म्हणाला. "मीच. त्याच्या आवाजात... चुकलं माझं."

टीव्हीवर कुणीतरी गोल केला. कुणी केला ते तिघांपैकी कुणीच बघितलं नाही.

हेल्मी आत आली. रेइनोच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि त्याचा मांडीवरचा निर्जीव हात तिनं आपल्या ओल्या हातांत घेतला.

"थांबलास कशाला?" ती गास्तोंला म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. "मॉन्ट्रियलला अजून चार शिव्या घाल."