सकाळचे कपडे

तिसऱ्या स्वेटरसाठी मुलीने हात वर केलेच नाहीत.

"बाबा, एवढं घातलं तर मला बाकावर बसताच येणार नाही. उभ्यानेच शिकू का?"

त्याने तो स्वेटर बाजूला ठेवला. मग तिच्या अंगातला दुसराही काढला. मग तो पुन्हा घातला. खिडकीबाहेर पाहिलं. डोंगराच्या माथ्यावर ऊन होतं आणि खाली रस्त्यातल्या डबक्यांवर बर्फाची साय धरली होती. उंचावरच्या या शहरात सकाळी दात वाजायचे, दुपारी कातडी भाजायची आणि शाळा सुटेपर्यंत गारा पडून गेलेल्या असायच्या. लोक म्हणायचे, इथल्या आभाळाला आईबाप नाहीत.

मुलगी आजारातून उठून आज पहिल्यांदाच शाळेत जाणार होती.

तो बसडेपोत फिटर होता. इंजिन किती तापलंय ते त्याला नुसता हात ठेवून कळायचं. मुलीच्या कपाळावर हात ठेवला की मात्र काहीच कळायचं नाही. कपाळ गरम आहे की आपलाच हात गार आहे, याच घोळात तो अडकायचा.

बायको गेली त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. ती गेल्यावरच्या पहिल्याच थंडीत त्याने मुलीला घरात होतं नव्हतं ते सगळं घालून शाळेत पाठवलं. दुपारच्या उन्हात पोर घामाने चिंब झाली. तिने सगळं काढून दप्तरात कोंबलं. मग वारा फिरला. न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घामापासून जपा आणि गार वाऱ्यापासूनही जपा. पुन्हा असं झालं तर हिच्या छातीला झेपणार नाही." तो हो म्हणाला. कसं जपायचं, ते विचारायला तोंड उघडलं नाही.

बायकोला ते कळायचं. रोज सकाळी ती खिडकीतून हात बाहेर काढायची, जराशी थांबायची आणि ट्रंकेतून नेमकं काढून आणायची. तिच्या हाताखाली पोर कधी शिंकलीसुद्धा नाही. गल्लीतल्या बायका या पोरीला बघून आपापल्या पोरांना कपडे घालायच्या. "हात काढून काय बघतेस गं?" असं त्याने एकदा विचारलं होतं. ती नुसती हसली होती. तो घाईत होता, निघून गेला. नीट विचारून ठेवायला हवं होतं. पण माणूस अशा गोष्टी विचारून ठेवत नाही.

त्याने खिडकी उघडली आणि हात बाहेर काढला. हाताला गार लागलं. ते हात न काढताही कळत होतं.

"अहो फिटर!" खालून आवाज आला. तळमजल्यावरची शिंपीणबाई दारात मशीन मांडून बसली होती. "हात दाखवून बस थांबवताय की काय? इथून बस जात नाही हो!"

"मावशी, थट्टा नको. शाळेची वेळ झाली आणि हिला काय घालायचं ते मला समजत नाही. ज्या बाईला समजायचं ती गेली."

"कोणाला समजायचं?"

"हिच्या आईला. कधी म्हणून चुकली नाही ती."

शिंपीणबाईने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"ती? अहो, ती रोज चुकायची! हवेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिला बघून आमचीही पोरं चुकायची. म्हणून तर दुपारी पिशवी भरून, तो सगळा चढ चढून शाळेत जायची. घामेजलेलं उतरवायचं, कोरडं चढवायचं. आपल्या पोरीचं आणि आमच्याही पोरांचं. ती गेल्यापासून आम्ही आपापल्या पोरांचं नेतो." मग तिचा आवाज उतरला. "तुमच्या पोरीचं तुम्ही नेता, असंच आम्ही धरून चाललो होतो."

बायको रोज तो चढ चढायची तेव्हा तो डेपोत, गाडीच्या पोटाखाली असायचा. संध्याकाळी घरी यावं तर पोर कोरडी, हसरी, आणि बायको भाकरी थापत बसलेली. इतकी वर्षं त्याने तिची फक्त सकाळ पाहिली होती.

तो मुलीकडे वळला. ती बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"आई म्हणायची, बाबांना डेपोत त्रास द्यायचा नाही."

त्याने तिच्या अंगातला वरचा स्वेटर उतरवला. एकच ठेवला. बरोबर की चूक, ते त्याला आताही माहीत नव्हतं. उतरवलेला स्वेटर त्याने घडी करून आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवला, वर एक कोरडा सदरा ठेवला. मग तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तुमची मधली सुट्टी किती वाजता असते गं?"