शिक्षा

आईनं धाडलेले शेंगदाण्याचे लाडू आम्हा नव्या रंगरुटांना कवायत शिकवणाऱ्या हवालदार उस्तादांनी माझ्या डोळ्यांदेखत खेचराला चारले. "फौज में लाडू नहीं, लात मिलती है," म्हणाले. खोटं वाटेल, पण खेचरसुद्धा लाजून दुसरीकडं बघत खात होतं.

युद्ध तोंडावर आलं होतं आणि माझा शत्रू मला छावणीतच सापडला होता. मी नुसतं तोंड वाकडं केलं, तर तेव्हापासून शेजारचा शिंकला तरी मी चिखलात कोपरांवर रांगायचो, नाहीतर रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायचो. दातओठ खात संधीची वाट बघत होतो.

मग मोठे साहेब पाहणीला आले. नेमके माझ्यासमोर थांबले. "जवान, शिक्षा कहाँ तक हुई है?"

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मराठीतली शिक्षा धरली. "कोपर सोलने तक, साब. नाश्त्याला चिखल, जेवणाला फेऱ्या. घरके लाडू खेचर खाता है."

उस्तादांचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं. साहेबांनी सगळं खोदून विचारलं आणि त्यांनाच रायफल डोक्यावर देऊन पळायला लावलं. मी गालातल्या गालात हसलो.

साहेब माझ्या कानाशी वाकले. "मी साताऱ्याचा आहे, लेका. मला दोन्ही शिक्षा कळतात आणि तुलाही. जा, तूही पळ."

पळालो. पुढं उस्तादांची घामानं निथळणारी पाठ होती. तिच्याकडं बघत पळताना जी गोडी वाटली, ती आईच्या लाडवालाही नव्हती.