सत्काराचा फेटा

संगमेश पंचवीस वर्षांनी इंग्लंडहून कोल्हापुरात आला, तोही तिथला पक्का नागरिक होऊन, म्हणून तालमीनं त्याचा सत्कार ठेवला. माईक हातात आल्यावर गड्याला भलताच जोर चढला. "बोटीत बसून फुकटे येतात," तो म्हणाला, "ना कागद, ना पत्र, थेट आमच्या देशात घुसतात. माझं तर स्पष्ट मत आहे, एकेकाला बखोटीला धरून परत पाठवा." लोकांनी टाळ्या पिटल्या. 'आमच्या देशात' ऐकून पहिल्या रांगेतल्या चनबसाप्पा वस्तादांना तोंडातलं पान तिथंच थुंकावंसं वाटलं.

फेटा बांधायचा मान वस्तादांचा. ताटात नवाकोरा फेटा असताना ते आत गेले, ट्रंकेतून एक विटका भगवा फेटा घेऊन आले आणि संगमेशच्या डोक्याला आवळून बांधू लागले.

"वस्ताद, जुना कशाला?" संगमेश कसनुसा हसला.

"तुझाच हाय. मर्दानी खेळाच्या पथकातनं तुला तिकडं नेलतं, तवा हॉटेलातल्या पलंगावर ह्यो टाकून गुपचूप पळालतास. आमी अकराजण परत आलो. तुझ्यापायी पथकाला पुन्यांदा कधी व्हिसा मिळाला न्हाय."

माईक चालूच होता. वस्तादांनी फेट्याचा शेमला नीट पाठीवर सोडला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"हं, बोल पुढं. परत पाठवायचं म्हणत हुतास न्हवं?"