मूठ फिरवायचं यंत्र

लोणारच्या अब्दुल गनींच्या जुन्या सामानाच्या दुकानात मूठ फिरवून हिशेब करायचं यंत्र आलं होतं. सुखदेवनं आकडे लावले, गुणवंतानं मूठ फिरवली आणि खटकन उत्तर समोर आलं. शेताच्या वाटणीचा विषय निघाल्यापासून अबोला धरलेले हे दोघे भाऊ आता खांद्याला खांदा लावून ओरडत होते.

"अबे, बराबर आलं! आता मोठा आकडा लाव!"

"थांब न बे, मले फिरवू दे!"

त्यांची आई झुंबरबाई पायरीवर बसून बघत होती. घ्यायचं की नाही, ते तीच ठरवणार होती.

शेवटी अब्दुल गनी ओशाळून म्हणाले, "बाई, धोका नाही देनार तुमाले. बेरीज, गुणाकार पक्का करते. पन मूठ उलटी फिरत नाही. भागाकार काही होत नाही याच्यानं."

दोघांचे चेहरे पडले. गुणवंतानं मुठीवरचा हात काढला.

"राहू द्या मंग," सुखदेव म्हणाला.

झुंबरबाईनं कमरेची पैशाची पिशवी सोडली.

"बांधून द्या, गनीभाई. आन् तो भागाकार दुरुस्त नोका करू."