मागच्या खिळ्यावरचं भांडं

प्रतिमाबाईंच्या घरात अंडं चालायचं, स्वयंपाकघरात चालायचं नाही. म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, विष्णुपंतांनी, अंडी वाफवायचं चार वाट्यांचं खास भांडं मागवलं होतं. त्याची शेगडी मागच्या व्हरांड्यात, खिळा वेगळा, घासणीसुद्धा वेगळी.

चतुर्थीच्या दुपारी तेच भांडं त्यांना आतल्या गॅसवर दिसलं.

"बाबा, हे मस्त आहे हं! मागे लटकलं होतं. एकेका वाटीत एकेक मोदक बरोब्बर बसून राहिला," महिन्यापूर्वीच घरात आलेली सून प्रणोती म्हणाली.

बोलावं, तर पोरीचे पहिलेच मोदक गाईपुढे जाणार आणि सगळं घर नर्मदाजलानं धुऊन निघणार. न बोलावं, तर थेट गणपतीशी गाठ. विष्णुपंत विचार करत राहिले, तोवर प्रतिमाबाईंनी नैवेद्य दाखवलासुद्धा. जेवताना मोदकावर तूप ओतत त्या म्हणाल्या, "छान झालेत हो." विष्णुपंतांनी आपला मोदक न चावताच गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अंडी घेऊन ते व्हरांड्यात गेले. खिळा रिकामा होता.

"काय शोधून राहिले?" मागून प्रतिमाबाई हळूच म्हणाल्या. "तिनं ते गॅसवर चढवलं, तेव्हाच मी पाहिलं होतं. पोर हिरमुसली असती, म्हणून गप्प बसले. तुम्हीही गप्प बसलात, बरं केलं. पण त्यात नैवेद्य झाला ना? ते आता देवाचं झालं. ती अंडी शेजारी देऊन या."