हरभऱ्याला ऊन

"माणसं सावलीला बसत्यात अन् आमी हरभऱ्याला ऊन दाखवतोय," सुरेखा पुटपुटली. शेजारी वाकलेल्या नवऱ्याला, वैजनाथला, ते ऐकू गेलं. त्यानं न ऐकल्यासारखं केलं. न ऐकण्यात तो पटाईत होता.

तिसगावच्या त्या घराचा स्लॅब तव्यासारखा तापला होता. खाली काळा कागद, त्यावर हरभरा, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडांना विटा. दुपारभर असा आतल्या आत तापला की धान्यातला भुंगा अंड्यांसकट मरायचा. गावातले बाकीचे विषारी वायूच्या गोळ्या धान्यात टाकून, खोली बंद करून मोकळे होत. ह्या घरात मात्र गोळ्यांचं नाव काढायची सोय नव्हती.

ही विजयमालाची पद्धत, हे सुरेखानं कधीच ओळखलं होतं. विजयमाला म्हणजे वैजनाथची पहिली. 'आजारानं गेली,' एवढंच सोयरीक जमवताना सांगितलं होतं. पण प्लास्टिक बाहेर निघालं की वैजनाथ मुका व्हायचा आणि सासू भिंतीवरच्या फोटोकडं बघत राहायची. आणखी पुरावा काय पाहिजे?

वैजनाथनं प्लास्टिकखाली हात घालून हरभरा चाचपला. तापातल्या लेकराचं कपाळ बघावं तसा. सुरेखाला शिमग्यात सणकून ताप आला, तेव्हा त्यानं उंबऱ्यातूनच विचारलं होतं, "दवाखान्यात जाती का?"

तिनं कमरेच्या पिशवीतून डबी काढली. बाजारातून आणली होती, कुणाला न सांगता.

"गोळ्या हायेत. आजच टाकते धान्याच्या खोलीत. हा उन्हातला संसार बंद."

वैजनाथनं डबी हिसकावली.

"व्हय, हिसकावा की! तिची पद्धत मोडंल ना. मरून गेली तरी घर तिचंच. मी आपली राखणीला."

तो डबी घेऊन जिन्याकडं वळला. जिन्यात सासू, दगडाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. वैजनाथनं तिला मानेनं 'नको' म्हटलं. तरी ती बोलली.

"तिची पद्धत न्हाई ही, सुरेखा. तिला ठावंबी नव्हती. ती हुती तवर आमी गोळ्याच टाकायचो. दुपारी गार लागतं म्हणून धान्याच्या खोलीत दार लावून निजली ती. उठलीच न्हाई."