हाताचं चित्र

तीनच्या ठोक्याला निरीक्षा मागच्या दारात जाऊन किंचाळली आणि तिला शिकवायला घरी येणाऱ्या वनजाक्षी टीचरांनी वहीत एकविसावी रेघ ओढली.

रेवती पिठाच्या हातांनीच धावत आली. तिने लेकीला पोटाशी धरलं, तशी ती गप्प झाली.

"बघितलंत? रोज हेच. आठ वर्षांची झाली, तोंडातून एक शब्द नाही. दीर म्हणतात, युगादीच्या सणापर्यंत हे थांबलं नाही तर म्हैसूरच्या वसतिगृहात ठेवू. टीचर, मी नाही हो राहू शकणार हिच्याशिवाय."

"कुठे जात नाही ती. तू आलीस की गप्प होते ना? मग तिला तूच हवी असतेस. किंचाळणं हे तिचं बोलावणं आहे. बोलावायला दुसरं काही दिलं की झालं."

टीचरांची वही कधी चुकत नाही, असं अख्खं कुंदापूर म्हणायचं. टीचरही म्हणायच्या. त्यांनी एक कार्ड बनवलं: 'ये' म्हणून खुणावणाऱ्या हाताचं चित्र. पोर परसातल्या विहिरीकडे तोंड करून ओरडते, म्हणून रेवतीला त्यांनी मागच्या पायरीवर उभं केलं. पोरीने कार्ड हातात दिलं की लगेच आत यायचं, हा नियम.

पहिलं कार्ड निरीक्षाने फाडलं. दुसरं चुलीत टाकलं. तिसरं अंथरुणाखाली लपवलं.

"सुरुवातीला सगळीच हट्ट करतात," म्हणत टीचरांनी चौथं बनवलं.

महिन्याभरात किंचाळणं थांबलं. रेवतीला आनंदाने रडू फुटलं. तिची तक्रार एकच उरली होती, "ही पायरी मेली वाळतच नाही. एवढ्या उन्हात ओली ती ओलीच."

"आज पायरीवर उभी राहू नकोस," टीचर म्हणाल्या. "स्वयंपाकघरात थांब. तिला आपणहून बोलावू दे."

तीन वाजले. आत रेवतीचा मिक्सर घरघरत होता. निरीक्षा दारात गेली, बाहेर बघून तिने तोंड उघडलं. टीचरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कार्ड तिच्या मुठीत दिलं. पोरीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. डोळे डबडबले होते.

"ओरडायचं नाही. शहाणी ना तू? दे."

निरीक्षाने कार्ड दाराबाहेर धरलं.

"अगं वेडे, तिकडे कुठे? आई आत आहे," टीचर हसल्या.

मिक्सर चालूच होता. बाहेरून एका ओल्या हाताने कार्ड घेतलं आणि नियमाप्रमाणे, ज्याला बोलावलं होतं ते लगेच आत आलं.